राजीनाम्याची सही केवढ्याला पडते?

नृसिंहवाडीत पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचं पाणी मंदिरात शिरतं. उत्तरेकडून आत येतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानाला लांबलांबून माणसं येतात. त्यांना दिसत नाही ती त्याआधीची आवराआवर. घाटाकडची दुकानं रिकामी होतात, पेढ्या-बासुंदीच्या कढया वरच्या अंगाला जातात, पाणी वाढलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. यासाठी कुणी आदेशाची वाट बघत नाही. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोराटोरांना पाठ असतं.

यातलीच पोरं शिकून हिंजवडीला आणि खराडीला जातात, आणि नोकरीतलं पाणी कुठवर आलंय ते मात्र बघायचं विसरतात.

मी कुरुंदवाडला आयकर विवरणपत्रं भरून देतो. पूल ओलांडला की वाडी, त्यामुळं पौर्णिमेला दर्शनाला येणारे पुण्याचे पगारदार परतताना माझ्याकडं डोकावतात. मागच्या एका पौर्णिमेला ओळखीतला एकजण आला. वय ३८, नोकरी ११ वर्षं ७ महिने, सगळी एकाच कंपनीत. हातात प्रसादाची पुडी, दुसऱ्या हातात फोन. "काका, एवढं बघता का जरा?"

फोनवर एचआरचा मेल होता. पंधरा मिनिटांची मीटिंग होऊन गेलेली. त्यांचं सॉफ्टवेअर आता क्लाउडवरूनच विकायचं ठरलंय, ग्राहकाच्या जागेवर सर्व्हर बसवणारी टीम बंद होणार. सोबत राजीनाम्याचा तयार मसुदा, "वैयक्तिक कारणास्तव" असं लिहिलेला. सोमवारपर्यंत सही हवी.

"करून टाकू का सही? नाही केली तर रिलीव्हिंग लेटर अडकवतील म्हणतात."

मी त्याला पाठकोरा कागद आणि पेन दिलं, आणि त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून जो हिशेब मांडला तोच इथं देतोय. कंपनीचं नाव देत नाही. ती एकटी नाही.

क्लाउड आला की माणूस का जातो

पूर्वी सॉफ्टवेअर म्हणजे विकत घेतलेलं भांडं होतं. ग्राहक परवाना घ्यायचा, त्याच्या ऑफिसात सर्व्हर बसायचा, कंपनीचा माणूस जाऊन बसवून द्यायचा, दरवर्षी देखभालीचा करार व्हायचा. शंभर ग्राहक म्हणजे शंभर सर्व्हर, शंभर आवृत्त्या, शंभर ठिकाणचे बॅकअप. या शंभरांवर पन्नास घरं चालायची. क्लाउडवर सगळ्यांना एकच प्रत. सुधारणा एकदा केली की सगळीकडं पोचते. ग्राहक महिन्याचं भाडं भरतो आणि सर्व्हरचं तोंड कधी बघत नाही. म्हणून आधी जातात ते बसवून देणारे, पॅच मारणारे, बॅकअप बघणारे आणि पहिल्या पातळीचे सपोर्टवाले. मागणी वाढते ती जुना डेटा क्लाउडवर हलवणाऱ्यांची, सुरक्षा बघणाऱ्यांची, आणि क्लाउडचं बिल हाताबाहेर जाऊ न देणाऱ्यांची. शेवटचं काम भारी चालतं, कारण भाड्याचं मीटर रात्रीही फिरत असतं.

हे बघायला पुण्यालाच जायला हवं असं नाही. केंद्र सरकारनं जून २०२२ मध्ये ६३ हजार विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटींची मंजुरी दिली. सगळ्यांना मिळून एकच सामायिक सॉफ्टवेअर. ज्याचं पोट पेन ड्राइव्ह खिशात घालून सोसायटी-सोसायटीला फिरण्यावर होतं, त्याच्या बाबतीतही हीच गोष्ट घडली, फक्त त्याला कुणी 'ले-ऑफ' म्हटलं नाही.

इशाऱ्याची पातळी इथंही असते आणि बहुतेक वेळा ती तारखेसकट जाहीर होते. अ‍ॅटलासियननं आपल्या सर्व्हर आवृत्त्यांचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ ला थांबवला. व्हीएमवेअर ब्रॉडकॉमकडं गेल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये कायमचे परवाने विकणं बंद झालं. एसएपीच्या जुन्या ईसीसीची मुख्य देखभाल २०२७ अखेर संपते. तुम्ही ज्या प्रॉडक्टवर बसलाय त्याची 'एंड ऑफ सपोर्ट' तारीख शोधायला पाच मिनिटं लागतात, पैसा लागत नाही. नव्या ग्राहकाला फक्त क्लाउडच दाखवतात, गेलेल्याच्या जागी माणूस भरत नाहीत, बेंचवरचे दिवस मोजायला लागलेत, एवढं झालं की ३९ फूट झाले समजा.

टीसीएसनं २७ जुलै २०२५ ला सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असल्याचं सांगितलं. त्यात मधल्या आणि वरच्या पातळीवरचे जास्त. पुण्यातल्या 'नाइट्स' या आयटी कर्मचारी संघटनेनं सक्तीच्या राजीनाम्यांच्या तक्रारी सरकारपर्यंत नेल्या आणि एकट्या पुण्यात अडीच हजारांचा आकडा दिला. कंपनीनं तो आकडा नाकारला. खरा आकडा कोणता यापेक्षा तुम्हाला आम्हाला उपयोगाचं हे की वाद राजीनाम्यावरच होता. राजीनामा की छाटणी, या दोन शब्दांमधल्या अंतराला किंमत आहे, आणि ती रुपयांत मोजता येते.

कागदावर काय निघालं

त्याचा पगार महिन्याला दीड लाख. त्यातलं मूळ वेतन ७५ हजार. याच आकड्यांवर पुढचा हिशेब आहे, तुमचे तुम्ही घाला.

नोटीस: कायदा किमान एक महिना सांगतो, त्याच्या नेमणूकपत्रात तीन महिने आहेत. म्हणजे साडेचार लाख. यावर पगारासारखाच कर लागतो, हातात चार लाखांच्या आतबाहेर.

ग्रॅच्युइटी: पाच वर्षं झालेल्या कायम नोकरदाराला मिळते, राजीनामा दिला तरी मिळते. मूळ वेतन भागिले २६ गुणिले १५, गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वर गेलेलं वर्ष पूर्ण धरतात, म्हणून ११ वर्षं ७ महिन्यांचे १२ झाले. ७५,००० च्या हिशेबानं ५ लाख १९ हजार. २० लाखांपर्यंत करमुक्त, ३० दिवसांत द्यायची. बरेचजण या सातव्या महिन्याच्या अलीकडं नोकरी सोडून एक वर्ष घालवतात. शेवटच्या दिवसाची तारीख ठरवताना हे बघा.

शिल्लक रजा: ४० दिवस, मूळ वेतनावर, एक लाख. नोकरी सोडताना मिळणारी ही रक्कम खासगी नोकरदाराला २५ लाखांच्या मर्यादेत करमुक्त आहे. ही मर्यादा आयुष्यभराची आहे आणि तिच्या पोटात आणखी अटी आहेत, पण आपल्यासारख्यांना ती पुरून उरते.

इथवरचं दोन्ही वाटांनी मिळतं. पुढचं फक्त छाटणीत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणं छाटणी झालेल्या कामगाराला दर पूर्ण वर्षामागं (इथंही सहा महिन्यांच्या वर गेलेलं वर्ष पूर्ण धरून) पंधरा दिवसांचं वेतन भरपाई म्हणून द्यावं लागतं. जुन्या १९४७ च्या कायद्यातही हेच होतं. ७५ हजारांच्या अर्ध्या महिन्याचे ३७,५००, गुणिले १२, म्हणजे साडेचार लाख. ही भरपाई पाच लाखांपर्यंत करमुक्त. शिवाय नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधी आलाय: मालकानं आणखी पंधरा दिवसांचं वेतन भरायचं आणि ते छाटणीनंतर ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचं. म्हणजे अजून ३७,५००.

बेरीज ४ लाख ८७ हजार ५००. "वैयक्तिक कारणास्तव" या दोन शब्दांखाली सही केली की एवढे गेले.

तो बराच वेळ कागदाकडं बघत बसला. "हे कुणी सांगितलंच नाही," म्हणाला. एचआर कशाला सांगेल? त्यांचा पगार त्यासाठी नाही.

एक मोठी मेख आहे आणि ती लपवून चालणार नाही. हे सगळं कायद्यातल्या 'कामगारा'ला आहे. व्यवस्थापक त्यात येत नाही, आणि १८ हजारांच्या वर पगार असलेला देखरेख करणाराही नाही. आयटीत तर पाच वर्षांत प्रत्येकाच्या कार्डावर 'मॅनेजर' छापलेलं असतं! पण न्यायालयं कार्ड बघत नाहीत, काम बघतात. तुम्ही कुणाची रजा मंजूर करता का, कुणाला नेमता-काढता का, कुणाचं वार्षिक मूल्यमापन तुमच्या सहीनं जातं का? नसेल, आणि तुम्ही स्वतः कोड लिहीत, सर्व्हर बघत, तिकिटं सोडवत असाल, तर कामगार असण्याचा दावा करता येतो. आमच्या या गड्याच्या हाताखाली कुणी नव्हतं. पदनाम मात्र 'लीड'.

चेन्नईत २०१५ मध्ये काढलेल्या एका आयटी अभियंत्याला कामगार न्यायालयानं २०२२ मध्ये पुन्हा कामावर घ्यायला लावलं. कंपनी म्हणत होती तो व्यवस्थापक होता, न्यायालय म्हणालं कामगार. निकाल त्याच्या बाजूनं लागला, पण सात वर्षं गेली. हीसुद्धा किंमतच आहे, ती मांडताना विसरू नये.

आणखी एक गैरसमज: "एवढी माणसं काढायला सरकारची परवानगी लागते." कारखाने, खाणी आणि मळे यांना, तेही ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तरच लागते. आयटी ऑफिसला नाही.

मग सही करूच नये का? असं नाही. कंपनीनं सहा-आठ महिन्यांचा पगार देऊ केला, आरोग्य विमा वर्षभर चालू ठेवला, रिलीव्हिंग लेटरमध्ये स्वच्छ शेरा दिला, तर तो सौदा वरच्या साडेचार लाखांपेक्षा भारी आहे. करा सही. फक्त आकडा लेखी घ्या आणि आपल्या आकड्याशेजारी ठेवून बघा. नोटीसचाच पगार 'पॅकेज' म्हणून पुढं केला असेल तर ते पॅकेज नव्हे, तुमचेच पैसे आहेत. मोठ्या रकमेवर कर येतो, तेव्हा विवरणपत्राच्या आधी फॉर्म १०ई भरून मिळणारी सवलत लागू होते का हे आपल्या करसल्लागाराला विचारा.

घर किती महिने तगेल

मिळकतीची बाजू झाली. आता दुसरा कागद. ५० लाखांचं गृहकर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता ४३,४००. सोसायटी देखभाल साडेचार हजार. मुलीची शाळा महिन्याला पडते साडेबारा हजार. किराणा, दूध, भाजी, कामवाल्या मावशी मिळून २२ हजार. पेट्रोल ६, वीज-नेट-मोबाइल ४, वाडीला आई-वडिलांना १०, विम्याचे हप्ते साडेतीन. एकूण १ लाख ५ हजार ९००.

"काटकसर करू," तो म्हणाला. केली. हॉटेल बंद, गाडी बंद, ओटीटी बंद. किराणा सोळावर, पेट्रोल तीनवर, नेट-मोबाइल तीनवर आणलं. बेरीज ९५,९००.

दहा हजार वाचले. सगळा जीव काढून दहा हजार. घरोघरी नोकरी गेली की पहिली कुऱ्हाड भाजीच्या पिशवीवर पडते आणि ४३ हजारांच्या हप्त्याला कुणी हात लावत नाही. उलट करा. पहिला फोन बँकेला. हप्ता चुकण्याआधी गेलात तर मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची किंवा कर्जाची पुनर्रचना करण्याची बोलणी होतात. ९० दिवस थकल्यावर खातं अनुत्पादक होतं, मग ६० दिवसांची नोटीस येते, आणि तेव्हा बोलायला शाखेतला ओळखीचा अधिकारी नसतो, वसुलीवाला असतो.

हातात येणारे चार, पाच-एकोणीस आणि एक मिळून दहा लाख १९ हजार. भागिले ९५,९००. साडेदहा महिने. छाटणीची रक्कम मिळाली तर आणखी पाच. एका सहीची किंमत त्याला तेव्हा खरी कळली: पाच महिन्यांचं घर.

पुण्यातला फ्लॅट भाड्यानं देऊन वाडीला आई-वडिलांकडं यायचा पर्याय त्यानंच काढला. वाकड-हिंजवडी पट्ट्यात दोन बेडरूमला २५ हजारांच्या आसपास भाडं धरलं, वाडीतला घरखर्च निम्म्यावर आला, तर हेच पैसे दीड वर्षाच्या पुढं जातात. पण शाळेचं वर्ष मध्येच तुटतं, आणि घरून कामाची नोकरी लागली तर वाडीतला जुलै-ऑगस्ट लक्षात ठेवायला हवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात इथं रस्ते, वीज आणि नेट एकदमच गेले होते. फायबरचं कनेक्शन पाच-सातशेत मिळतं. पाण्याखालचा खांब तेवढ्यात मिळत नाही. तेवढ्या दिवसांपुरती जयसिंगपूर किंवा सांगलीला उंचावरची एखादी खोली बघून ठेवावी.

त्याच्या वडिलांचं म्हणणं, दुकान टाक. वाडीत गिऱ्हाईक कायम असतं हे खरं. पण ग्रॅच्युइटीचा पैसा पहिल्या सहा महिन्यांत दुकानात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बासुंदी आटवणारी घरं इथं पिढ्यान् पिढ्या बसलेली आहेत. त्यांच्या शेजारी जावा येणाऱ्या माणसानं कढई घेऊन बसू नये.

पीएफला हात लावण्याआधी

पीएफवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज मिळालं. एवढं सुरक्षित व्याज दुसरीकडं सापडत नाही, म्हणून ही शेवटची काडी. पाच वर्षं सलग नोकरी झाली नसेल तर काढलेल्या रकमेवर करही लागतो. बेकारीत किती आणि कधी काढता येते याचे नियम बदलत असतात. १३ ऑक्टोबर २०२५ ला पीएफच्या विश्वस्त मंडळानं तीन-चतुर्थांश लगेच आणि पूर्ण रक्कम बारा महिन्यांनी, असं ठरवलं. अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टलवर जे दिसेल तेच खरं माना. दहा वर्षं भरली असतील तर पेन्शनचा भाग काढता येत नाही, स्कीम सर्टिफिकेट घ्या.

हात अगदीच आखडला तर घरातलं सोनं तारण ठेवणं वैयक्तिक कर्जापेक्षा स्वस्त पडतं. क्रेडिट कार्डाची थकबाकी वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांनी वाढते. त्या वाटेला जाऊच नका.

विमा: जे शेवटच्या दिवशी संपतं

कंपनीचा गट आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी कामाच्या शेवटच्या दिवशी रात्री बारा वाजता संपतो. आई-वडील त्यातच असतात. गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीच्या वर्षांचा फायदा टिकतो, पण त्यासाठी विमा चालू असतानाच अर्ज करावा लागतो. नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. चाळिशीच्या आतल्या जोडप्याला आणि एका मुलाला दहा लाखांच्या विम्याला वर्षाला साधारण वीस-पंचवीस हजार धरा. साठी-सत्तरीतल्या पालकांचा आकडा याच्या दुप्पट-तिप्पट. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी शून्य आहे, जुन्या कोटेशनवर भरू नका.

पालक सत्तरीच्या पुढचे असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, आधार एवढंच लागतं. आमच्या गड्याच्या वडिलांचं वय ७२. कार्ड नव्हतं. "पुण्यात विमा आहे की," हे उत्तर.

शिकायचं तर किती खर्चून

नोकरी गेल्याच्या बातमीबरोबर फोनवर कोर्सच्या जाहिराती वाढतात. लाख-दीड लाखाचा 'क्लाउड मास्टर' कोर्स, नोकरीची हमी, हप्त्यांची सोय. हप्ता म्हणजे तुमच्या नावावर कर्ज असतं. हमी कुठल्या अटीवर आहे ते करारात शोधा, सापडणार नाही.

परीक्षांची खरी फी एवढी नाही. एडब्ल्यूएसची प्राथमिक परीक्षा १०० डॉलर, असोसिएट १५०, प्रोफेशनल ३००, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे असोसिएट पंधरा हजारांच्या आसपास पडते. एक पास झालात की पुढचीला निम्मी सवलत, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. गुगलची असोसिएट १२५ डॉलर, प्रोफेशनल २००. मायक्रोसॉफ्टच्या परीक्षांना भारतात रुपयांत वेगळा, कमी दर आहे. असोसिएटचं नूतनीकरण दरवर्षी ऑनलाइन आणि फुकट. अभ्यासाचं साहित्य या तिघांच्याही संकेतस्थळांवर मोफत आहे. एनपीटीईएलवर आयआयटी खरगपूरचा क्लाउड कॉम्प्युटिंगचा अभ्यासक्रम फुकट, परीक्षेला बसायचं तर हजार रुपये.

सरावासाठी क्लाउडचं मोफत खातं उघडलंत तर पहिल्याच दिवशी खर्चाची मर्यादा आणि सूचना लावा. रात्री मशिन चालू राहिलं आणि डॉलरमध्ये बिल आलं, असे दोघे माझ्याकडं रडून गेलेत.

बारा वर्षं सर्व्हर बघितलेल्या माणसानं शून्यापासून सुरू करायचं नसतं. ग्राहकाच्या जागेवरचं जुनं घर त्याला आतून माहीत आहे, आणि हलवाहलवीच्या कामात तोच माणूस लागतो. त्यानं आपल्याच जुन्या ग्राहकांना फोन करावेत. नेमणूकपत्रात ग्राहकांशी संपर्काची बंदी आहे का, तेवढं आधी वाचावं.

नोकरी लावून देतो म्हणून कुणी आधी पैसे मागितले तर त्या कामाचा दर शून्य आहे, हे लक्षात ठेवा. फसलात तर लगेच १९३० ला फोन.

तक्रारीचा खर्च

हा भाग सर्वांत स्वस्त आणि त्यालाच माणसं सर्वांत जास्त घाबरतात. समेट अधिकाऱ्याकडं अर्ज साध्या कागदावर चालतो, फी नाही. पुण्यातल्या नोकरीसाठी वाकडेवाडीचं कामगार आयुक्तांचं कार्यालय. तुम्ही वाडीत बसून काम करत असलात तरी नेमणूक जिथली तिथं. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं. तक्रार नेण्याची मुदत पूर्वी तीन वर्षं होती, नव्या संहितेत दोन. वेतन संहितेप्रमाणं काढलेल्याचा आणि राजीनामा दिलेल्याचाही पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता व्हायला हवा. 'एफ अँड एफ', म्हणजे शेवटचा हिशेब, ४५ दिवसांनी करणं ही जुनी सवय आहे, कायदा नव्हे.

वकिलाची फी माणसागणिक वेगळी. मात्र कोणत्याही उत्पन्नाच्या स्त्रीला, तसंच औद्योगिक कामगाराला, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं त्याचा आपल्याला आनंद आहेच, पण पुण्याचं प्रकरण तिथं येत नाही, ते मुंबईलाच जाईल.

रिलीव्हिंग लेटर अडकवण्याच्या धमकीचं काय? ती खरी भीती आहे, पुढची कंपनी पडताळणी करते. पण धमकी लेखी नसते, आणि लेखी मागितली की बहुधा विरते. आम्ही त्या दुपारी त्याचा मेल तयार केला. तीन वाक्यं: मी राजीनामा देऊ इच्छित नाही. कंपनीला माझं पद नको असेल तर तसं लेखी कळवावं आणि देय रकमांचा तपशील द्यावा. माझं काम नेहमीप्रमाणं चालू आहे. राग नाही, वकिली भाषा नाही. प्रत स्वतःच्या खासगी मेलवर. सोमवारी सकाळी कंपनीचा आकडा नोटीसशिवाय आणखी तीन महिन्यांवर आला. त्याच्या हिशेबाच्या जवळ. तो आता त्यावर बोलतोय.

तुमच्यापर्यंत मीटिंगचं निमंत्रण आलेलं नसेल तर एक काम आज रात्रीच करा. नेमणूकपत्र, बढतीची पत्रं, पगारपावत्या, फॉर्म १६, रजेची शिल्लक आणि विम्याचं कार्ड स्वतःच्या खासगी मेलवर उतरवून घ्या. ग्राहकाचा किंवा कंपनीचा डेटा त्यात एक ओळही नको, नाहीतर चूक तुमची ठरेल. यूएएनला कंपनीचा नंबर जोडलेला असेल तर स्वतःचा टाका, पीएफला वारस लावलाय का बघा. बऱ्याच ठिकाणी मीटिंग संपायच्या आत लॉगिन बंद होतं.